भिवंडी : जोडचिन्हानंतरचे गाव

एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग आधी सांगतो. आमच्यापैकी एकजण तेथे शिकवीत असताना पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय सुचवला : भिवंडीच्या यंत्रमागांवरची भाषा आणि त्या भाषेत साठलेला गावाचा इतिहास. मुलगी भिवंडीचीच होती, घरी माग होते. विषय मान्य झाला नाही. यात वाङ्मयीन असे काय आहे, असे एका सदस्यांनी विचारले. दुसऱ्यांनी, अगदी सद्भावनेने, दंगलींवर काही करता आले तर पाहा, असे सुचवले. शेवटी तिने ग्रामीण कादंबरीतील निसर्गवर्णनावर प्रबंध लिहिला आणि तिला गुणही चांगले मिळाले.

कुणा व्यक्तीवर राग काढण्यासाठी हे सांगत नाही. त्या समितीत आम्ही असतो तर आम्हीही कदाचित तेच बोललो असतो. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. त्या दोन वाक्यांत भिवंडीकडे पाहण्याची मराठी साहित्यव्यवहाराची रीत पूर्णपणे आली आहे : एक तर तेथे काही नाही, आणि असलेच तर दंगल आहे. आमचे प्रतिपादन याच्या नेमके विरुद्ध आहे. भिवंडीला इतिहास भरपूर आहे. आपण मात्र ती पेटली तेवढीच वर्षे वाचली. मधल्या शांत वर्षांना आपल्याकडे वाचक नाही, आणि वाचक नसल्यामुळे लेखकही नाही.

शालेय इतिहासात भिवंडी भेटते ती जोडचिन्हाच्या उजव्या बाजूला : 'कल्याण-भिवंडी'. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, महाराज भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे जहाजे बांधवून घेत असल्याची चिंता पोर्तुगीज कागदपत्रांत उमटलेली दिसते. म्हणजे मराठी आरमाराच्या जन्माची जी मोजकी स्थळे सांगता येतील त्यांत भिवंडी आहे. खाडीकाठच्या या गावात लाकूड कुठून आले, सुतार कोण होते, लोहारांनी खिळे कुठे घडवले, असे प्रश्न खरे तर आपल्याला पडायला हवे होते. ते पडले नाहीत. नाटकांनी, कीर्तनांनी आणि कथांनी या मोहिमेतून उचलली ती कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट, जिला समकालीन कागदाचा आधार नाही. गोष्टीचा नैतिक आशय आम्ही नाकारत नाही. परंतु आधार नसलेली गोष्ट कल्याणला मिळाली आणि आधार असलेली जहाजे भिवंडीने बांधूनही विसरली गेली, हे साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवायला हवे. कोणती हकीकत कथा होते आणि कोणती होत नाही, हा आपल्याच शास्त्राचा प्रश्न आहे.

जोडचिन्हाचे हे नशीब पुढेही सुटले नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि भिवंडी बाजूला राहिली. गावाला रेल्वे मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वसई-दिवा मार्गावर. त्या स्थानकाचे नावही 'भिवंडी रोड', म्हणजे गाव अजून पुढे आहे, असे सांगणारे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये निघाले, त्यात भिवंडीची स्वतंत्र नोंद आहे. ती महसूल वसूल करणाऱ्या प्रशासनाच्या गरजेने लिहिलेली आहे. आणि तरीही गावाची माहिती देऊ पाहणारा लेखक अजून तेथूनच सुरुवात करतो. वसाहतकालीन दृष्टीवर आपण परिसंवाद पुष्कळ घेतले. पण त्या दृष्टीच्या जागी ठेवायला आपल्या हाताने लिहिलेले काय आहे, हे एखाद्या परिसंवादात विचारून पाहावे.

आता 'वाङ्मयीन असे काय आहे' या प्रश्नाकडे येतो. भिवंडी तालुक्यातील भादाणे या गावाशी संबंधित एक ताम्रपट आहे, शके ९१९ चा, म्हणजे इ. स. ९९७ चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने लवणेतट येथील लोणादित्य या सूर्यदेवतेच्या पूजेसाठी भादाणे गाव दान दिल्याचे त्यात नमूद आहे. लवणेतट म्हणजे आजचे लोणाड, भिवंडीपासून जवळच. दानाचा मजकूर थोडका आहे. त्याच्याआधी येते ती राष्ट्रकूटांची दीर्घ वंशावळ. अपराजिताचे पूर्वज राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि ताम्रपट कोरला गेला तेव्हा ते साम्राज्य तैलपाने मोडून वीसेक वर्षे उलटली होती. नव्या सत्तेचे गुणगान करणे सोयीचे असताना हा मांडलिक गेलेल्या धन्याची वंशावळ देतो आणि त्याच्या अस्ताबद्दल खेद व्यक्त करतो. एका खेड्याच्या दानपत्रात एका साम्राज्याचा शोक आहे. प्रशस्तिकाव्य शिकवताना आपण दूरदूरची उदाहरणे शोधतो, आणि भिवंडीच्या वर्गात बसलेल्या मुलांना हे ठाऊक नसते की आपण रोज येतो त्या वाटेवरच्या गावाचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या अशा मजकुरात कोरलेले आहे. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचा इतिहास आणि त्यांचे कोरीव लेख १९७४ मध्ये मराठीतच ग्रंथरूपाने आणले. तेव्हा साधन दुर्मीळ आहे, ही सबबही टिकत नाही.

कुणी म्हणेल, हा प्राचीन इतिहास झाला. आजच्या भिवंडीचे काय? ठीक. आजची भिवंडी मागांनी घडवली. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून, मऊ, आझमगड, बनारस या भागांतून, मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले. त्यांतले काही मालेगावला स्थिरावले, काही भिवंडीला. तेलुगू भाषक पद्मशाली विणकर आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागले. येथे पूर्वीपासून कोकणी मुसलमान होते, ज्यांची घरची बोली मराठी-कोकणीच्या कुळातली आहे. आगरी, कोळी, कुणबी होते, तालुक्याच्या डोंगराळ भागात वारली आणि कातकरी होते. एवढ्या बोली ज्या गावाच्या बाजारात रोज एकमेकींशी व्यवहार करतात, ते गाव भाषेच्या अभ्यासकाला ओसाड वाटावे, याचे आम्हांला नवल वाटते.

आणि येथे मराठी साहित्याला एक प्रश्न थेट विचारला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाने आणि त्यानंतरच्या उद्ध्वस्ततेने मराठीत मोठे लेखन घडवले. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ मध्ये रंगभूमीवर आले आणि गिरणगावातील एका घराच्या पडझडीतून एका वर्गाचा अंत आपण पाहिला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाच्या आठवणी कामगारांच्या तोंडून नोंदवून २००४ मध्ये ग्रंथरूप दिल्या. या लेखनाविषयी आम्हांला आदरच आहे. पण गिरण्या बंद पडल्या म्हणून देशाने कापड वापरायचे सोडले नव्हते. संप चालू असतानाच मालकांनी कापड बाहेरच्या यंत्रमागांवर विणून घेतले, आणि त्यातले पुष्कळ भिवंडीत विणले गेले. परळमधून जे गेले त्यातले बरेच काही पन्नास किलोमीटरांच्या आत, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहावे इतक्या लहान तुकड्यांत विभागलेल्या गाळ्यांमध्ये चालू होते. मराठी साहित्य गिरणीच्या बंद दारापाशी थांबले. कापडाच्या मागे ते गेलेच नाही.

का गेले नाही? भिवंडीचा कामगार मराठी बोलत नव्हता म्हणून, हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते पुरेसे नाही. गिरणगावचा कामगार आपल्या गावाकडचा होता; त्याच्या चाळीत भजनी मंडळ होते, गणपती होता, त्याचे दुःख आपल्या ओळखीच्या भाषेत येत होते. भिवंडीच्या मागावर उभा असलेला माणूस उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आला होता. 'आपला' आणि 'त्यांचा' अशी वाटणी साहित्याने जाणूनबुजून केली असे आम्ही म्हणत नाही. परंतु श्रमाविषयीची आपली सहानुभूती भाषेच्या सीमेपाशी अडखळली, एवढे कबूल करायला हरकत नसावी.

आता दंगलींविषयी. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील त्या वेळच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती दि. पि. मादन यांच्या आयोगाने केली. त्यांचा अनेक खंडांचा अहवाल आमच्या मते भिवंडीचा आजवरचा सर्वांत तपशीलवार स्थानिक इतिहास आहे. मिरवणुकीचा मार्ग कोणत्या गल्लीतून जात असे, आधीच्या वर्षांत घोषणांवरून आणि गुलालावरून काय घडले, कोणत्या संघटना केव्हा उभ्या राहिल्या, शांतता समितीच्या बैठकांत कोण काय बोलले, हे सारे साक्षीपुराव्यानिशी त्यात आहे. एका गावाचे इतके बारकाईने केलेले चित्रण आपल्या प्रादेशिक कादंबरीत सहज सापडत नाही. परंतु गावाचा सर्वांत चांगला इतिहास न्यायाधीशाला लिहावा लागला, आणि तोही माणसे मेल्यानंतर, यात त्या न्यायाधीशाचा गौरव आहे तसाच आपल्या दीर्घ अनुपस्थितीचा पुरावाही आहे. चौकशी आयोगाला विचारायचे असते ते 'आग कशी लागली' एवढेच. इतर दिवशी चूल कशी पेटत होती, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

साहित्यातले उदाहरण याहून बोलके आहे. त्या दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज यांच्यासह भिवंडीत आले होते. जळलेल्या, सुन्न गल्ल्या पाहताना त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले आणि त्यातून 'तमस' लिहिली गेली, असे त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितले आहे. कादंबरी १९७३ मध्ये आली, १९७५ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती थोर कादंबरी आहे आणि लेखकाने आपल्या स्मृतीकडे वळावे, हा त्याचा अधिकार आहे. पण ज्या गावाच्या राखेतून ती सुचली ते गाव त्या कादंबरीत नाही. भिवंडीने रावळपिंडीची आठवण करून दिली आणि स्वतः बाजूला झाली. साहनी दूरचे होते, पाहुणे होते. त्यांनी आपले काम केले. मराठी लेखकाला भिवंडी तासाभराच्या अंतरावर होती. त्याने भिवंडीची 'तमस' लिहिली नाही, याचा दोष साहनींकडे जात नाही.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि ती आग मुंबई-ठाण्यापर्यंत पसरली. त्यानंतर या गावाच्या नावापुढे 'संवेदनशील' हे विशेषण इतके पक्के बसले की बातमीदारांना ते वेगळे लिहावे लागेनासे झाले. आणि मग आले डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई जळत होती. भिवंडीविषयी सर्वांची जी अटकळ होती ती खोटी ठरली; भिवंडी जळली नाही.

आमच्या दृष्टीने आधुनिक भिवंडीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिची अडचण अशी की तीत काहीच घडत नाही. पोलीस उपायुक्त म्हणून तेथे काम केलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागातला शिपाई एकत्र बसत, नळाच्या, उधारीच्या, शेजारच्या भांडणांच्या तक्रारी ऐकत. मुंबई जळाली, मग भिवंडी का जळाली नाही, या प्रश्नाभोवती खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिले. म्हणजे पुन्हा तेच : दंगलीचा इतिहास न्यायाधीशाने लिहिला, शांततेचा पोलीस अधिकाऱ्याने. दोघांचेही ऋण मान्य करून विचारावेसे वाटते की साहित्याचे लोक त्या वेळी कुठे होते. त्या समित्यांच्या बैठकांत माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली? कोणी कोणाला चाचा म्हटले, कोणी भाऊ, कोणी शेठ? रागावलेल्या माणसाला कोणत्या शब्दांनी खाली बसवले? संवाद हा नाटकाचा आणि कादंबरीचा प्राण आहे, असे आपण पहिल्याच तासाला शिकवतो. एका गावाने नुसत्या संवादाच्या बळावर दोन महिने तग धरला, आणि तो संवाद टिपायला आपल्यापैकी कुणी नव्हते.

शांतता एकदा मिळवली की कायमची मिळते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून याच गावात रक्त सांडले. त्यात गोळीबारात नागरिक गेले आणि जमावाच्या हातून पोलीसही गेले. म्हणूनच शांत वर्षे ही दोन दंगलींमधली रिकामी जागा मानता येत नाही. ती कष्टाने राखलेली असतात. जे कष्टाने राखले जाते त्याला इतिहास असतो.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे इतिहास विभागाचे काम आहे, मराठी विभागाचे नाही. यावर आमचे उत्तर : वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये 'महिकावतीची बखर' संपादून प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी उत्तर कोकणचा इतिहास केला की मराठी भाषेचा? ही सीमा त्यांना अडवू शकली नाही. ती नंतर विद्यापीठांच्या वेळापत्रकांनी आखली. मागावरचे शब्द पाहा : ताणा, बाणा, धोटा, कांडी. यांतले काही आपल्या संतकवितेपासून परिचित आहेत. त्यांच्या शेजारी बीम, सायझिंग, ग्रे हे इंग्रजी गिरणीतून आलेले शब्द नांदतात आणि त्यांच्यावर हिंदी-उर्दू व तेलुगू क्रियापदे चालतात. हा शब्दसंग्रह विणकरासोबत जाणारा आहे. माग भंगारात गेला की तो कोणत्याही कोशात शिल्लक राहणार नाही.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो : भिवंडी मुळात आपली नव्हे, ती उर्दूची. या आक्षेपाला आम्ही कमी सभ्य उत्तर देऊ इच्छितो. गाव कोणाचे हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवायचे असते. महापालिकेच्या अधिकृत नावातच 'भिवंडी-निजामपूर' असे दोन शब्द गुण्यागोविंदाने आहेत. गावाला त्याची अडचण वाटली नाही. भिवंडीत उर्दू शाळांची आणि मुशायऱ्यांची परंपरा आहे. उर्दूत या गावाविषयी जे लिहिले, म्हटले गेले त्यातले किती मराठीत आले? फ्रेंच कादंबरीचे भाषांतर झाले की आपण पाठ थोपटतो, आणि शेजारच्या गल्लीतली कविता लिपी वेगळी म्हणून आपल्याला परकी. मराठीच्या ऱ्हासाची चिंता वाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जी भाषा आपल्या परिसरातील माणसांचे जगणे सांगायला नकार देते, तिला ती माणसे उद्या आपली भाषा का म्हणतील?

वेळ फार नाही. मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांची जी रांग उभी राहिली ती आता देशातील मोठ्या गोदामक्षेत्रांपैकी एक आहे. मानकोली, राहनाळ, काल्हेर या गावांची नावे आता मालाच्या पत्त्यांवर वाचायला मिळतात. भातशेते गेली. जुने यंत्रमाग वजनाच्या भावाने भंगारात विकले जात आहेत. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधील एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. दोन दिवस बातम्या आल्या. ती माणसे कोण होती, कुठून आली होती, काय काम करीत होती, हे सांगणारी एखादी मराठी कथा आमच्या वाचनात नाही. असेल तर वाचकांनी जरूर दाखवावी. आमचे म्हणणे तेवढ्यापुरते खोटे ठरल्याचा आनंदच होईल.

आमची मागणी फार मोठी नाही. भिवंडी, कल्याण, ठाणे परिसरातील मराठी विभागांनी दरवर्षी दोन तरी विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचा विषय द्यावा. एकाने मागावरच्या वृद्ध कारागिराची आठवण त्याच्या बोलीत, जशी आहे तशी, उतरवून घ्यावी. दुसऱ्याने मादन अहवालाचा एखादा खंड भाषेच्या अंगाने वाचावा. उर्दू विभागाच्या सहकाऱ्याबरोबर बसून वर्षाला दहा कवितांचे भाषांतर करावे. दहा वर्षांत एक ग्रंथ होईल. गौरवग्रंथ नव्हे, त्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि त्यांत गावाचा इतिहास पहिल्या किल्ल्यापासून निघून शेवटच्या नगराध्यक्षांच्या छायाचित्रापाशी संपतो. आम्हांला हवा आहे तो शांत वर्षांचा ग्रंथ.

त्या विद्यार्थिनीचे काय झाले, असे कुणी विचारील. ती आता एका शाळेत मराठी शिकवते. घरचे माग विकले गेले. जाण्यापूर्वी वडिलांकडून मागाच्या सर्व भागांची नावे तिने एका वहीत लिहून घेतली. वही तिच्याकडे आहे. आम्ही तिला ती मागितली तेव्हा तिने विचारले, ''आता यात वाङ्मयीन असे काय सापडले, सर?'' आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिराने केलेली सुरुवात समजावी.